अकरा ग्रॅम

बूट झटकले तेव्हा घणसोलीच्या गॅलरीत
जुन्या पेपरवर पडली थोडी कालाहारी.
मोजेही उलटे केले.
मग तुर्भ्याला, लॅबमध्ये, रात्रपाळीत,
क्यूब फोडायचं मशीन थंड झाल्यावर
काट्यावर ठेवली :
अकरा ग्रॅम.

चाचणीला निदान पाचशे लागतात.
तरी चाळण्या लावल्या एकावर एक,
नेहमीच्याच, ज्यांतून या शहराचा प्रत्येक मजला
आधी रेती होऊन खाली गळतो.
सहाशे मायक्रॉनवर काहीच थांबलं नाही.
तीनशेवर गवताचं एक कुसळ.
उरलेलं सगळं दीडशेवर, तांबूस,
आणि भिंगाखाली गोल,
वाऱ्याने इतकं लोळवलेलं
की धरायला कोपराच उरला नव्हता.
गोल दाणा सिमेंटला पकड देत नाही.
रजिस्टरात लिहावं लागलं असतं : नापास.

तिथे हीच रेती
उई बोट न लावता वाचत होता.
हा गेम्सबॉक, मागचा उजवा पाय जपतोय.
हे तरस, रात्रीचंच,
आत दवाचे थेंब पडलेत बघ.
इथे मोठ्या कानांचा कोल्हा थांबला,
मान तिरकी करून,
जमिनीखालची वाळवी ऐकत.
आणि हे, तो हसला, हे तुझं पाऊल.
टाच आधी रोवतेस तू,
खाली जमीन आहे ना, याची खात्री करत.

उई म्हणते मी, पण ते त्याचं नाव नाही.
नावाच्या आधी एक आवाज आहे,
जीभ दातांमागून सुटताना होणारा,
आपण हळहळताना करतो तो.
कुणाची परीक्षा बुडाली, कुणाचं पोर गेलं,
आपल्याला तो लागतो शब्द संपल्यावर.
त्यांच्याकडे त्याने आजोबाचं नाव सुरू होतं
आणि ते नातवाला मिळतं, जसंच्या तसं.
बैल हाकायचा आपला गालातला टकार,
तोही तिथे अक्षर आहे.
मी तीन दिवस जीभ झिजवली.
बायका पोट धरून हसल्या.
माझ्या तोंडून म्हणे
भलत्यालाच हाक जात होती.

दुपारी कातडं नेसून तो
पाहुण्यांसमोर काडीवर काडी घासून आग काढी.
पाच वाजता जीन्स,
आणि मोबाइल घेऊन त्या एका टेकाडावर
जिथे रेंजची एक दांडी येते.
मला आमच्या आळीतली पोरं आठवली,
हॉटेलच्या लॉबीत, लाल टोप्या घालून,
संगमरवरावर वल्ही मारणारी.
मी फोटो काढला नाही.
म्हणजे, एक काढला.

पुडी बाबांना दिली.
जोमा म्हात्रे. पस्तीस वर्षं
कळव्याच्या खाडीत बादली घेऊन डुबी मारणारे,
सक्शन पंप यायच्या आधीचे.
एका कानाचा पडदा खाडीने ठेवून घेतलाय,
डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांनी पुडी पाहिलीच नाही.
चिमूट ओठाला लावली.
"खारी नाय," म्हणाले. "कंची गो ही?"
लांबची, म्हटलं.
"किती वाव पानी व्हता?"

पाणी नव्हतं, बाबा.
वर नाही, खाली नाही.
कंद खणून, किसून, मुठीत पिळतात,
तेवढंच.

एवढी रेती आणि तिच्यावर पाणी नाही
हे त्यांच्या हिशेबात बसेना.
अंगठा फिरत राहिला तळव्यावर.
शेजारच्या गल्लीत पाइलिंग चालू होतं,
दर ठोक्याला भांडी हलत होती मांडणीत.
ते बहुधा त्या सगळ्या बादल्या मोजत असावेत
ज्या कुणालाच भरता आल्या नसत्या.
मग जीभ दातांमागून सुटली :
च्च्.

मी दाराकडे पाहिलं.